ठाणे ग्रामीण पोलीस: शहरं एकेक करून निघून गेली, मागे उरले शहापूर-मुरबाड

कल्याणहून मुरबाडला जाताना रस्त्यात कुठेतरी पोलिसांची हद्द बदलते. पाटी वाचली नाही तर कळतही नाही. खाकी तीच, टोपी तीच, गाडीवर 'पोलीस' हा शब्दही तोच. पण हद्दीच्या अलीकडे पोलीस आयुक्तांचं राज्य असतं आणि पलीकडे पोलीस अधीक्षकांचं. जिल्हा एकच, ठाणे. पोलीस दलं मात्र वेगवेगळी.

गंमत म्हणजे 'ठाणे ग्रामीण' या दलाचे प्रमुख, म्हणजे पोलीस अधीक्षक, बसतात ठाणे शहरात. आणि ठाणे शहर त्यांच्या हद्दीतच नाही.

हे असं कसं झालं? कारण आज 'ठाणे ग्रामीण' म्हणून जे ओळखलं जातं, ते मुळात अख्ख्या जिल्ह्याचं पोलीस दल होतं. त्यातून आधी ठाणे-कल्याण गेलं, मग नवी मुंबई, मग पालघर, मग मीरा-भाईंदर. जे कुणी नेलं नाही ते राहिलं. त्यातले दोन मोठे तुकडे म्हणजे शहापूर आणि मुरबाड.

आता ही गोष्ट सुरुवातीपासून बघू.

घाट राखणारे नाईक

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. शहापूरच्या टोकाला कसारा घाट, म्हणजे जुना थळ घाट. मुरबाडकडून वर चढणारे माळशेज आणि नाणेघाट. नाणेघाटात सातवाहनकाळातला शिलालेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरेनं चालत आलेली समजूत. ते खरं असो नसो, या वाटांवरून माल जायचा हे नक्की. आणि जिथे माल जातो तिथे लूटही होते आणि राखणही लागते.

मराठेशाहीत ही राखण घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी नाईकांकडे होती. किल्ला सांभाळायचा, घाट सांभाळायचा, त्या बदल्यात इनाम किंवा नेमणूक घ्यायची. त्यांना पोलीस कुणी म्हणत नव्हतं, पण काम तेच होतं. गावात ही जबाबदारी पाटलावर आणि त्याच्या हाताखालच्या महारावर असायची. चोरी झाली की माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. 'हद्द' या शब्दावरून आज दोन पोलीस ठाण्यांत जे होतं, त्याचं मूळ बरंच जुनं आहे म्हणायचं.

1817 च्या पुणे करारानं उत्तर कोकण इंग्रजांकडे गेलं आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. नव्या सरकारला किल्ले राखायचे नव्हते, त्यामुळे किल्ले राखणाऱ्यांना पैसे द्यायचंही कारण उरलं नाही. नाईकांचे हक्क आणि नेमणुका कापल्या गेल्या. काल घाट राखणारा माणूस आज सरकारच्या लेखी संशयित झाला. दुसरीकडे सावकारांनी डोंगरातल्या जमिनी गिळायला सुरुवात केली होती.

यातूनच बंडं झाली. सगळ्यात गाजलेलं नाव राघोजी भांगरे यांचं. ते मूळचे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडच्या डोंगरांत त्यांनी सावकार आणि इंग्रजी सत्तेला जेरीस आणलं. अखेर ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आलं. हा तुरुंग म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला. ज्यांच्या जमातीनं पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखले, त्यांच्यातल्या एकाला एका किल्ल्यातच फासावर चढवलं गेलं.

'एसपी' हे पद आलं कुठून?

राघोजींच्या फाशीनंतर पाच वर्षांनी, 1853 मध्ये, मुंबई इलाख्यात पोलिसांची नवी घडी बसवली गेली. त्याआधी जिल्ह्यात पोलीस म्हणजे कलेक्टरच्या हाताखालची माणसं. महसूल गोळा करणारी यंत्रणाच चोरही पकडायची. नव्या रचनेत प्रत्येक जिल्ह्याला वेगळा पोलीस अधीक्षक मिळाला.

ही कल्पना थेट लंडनहून आली नव्हती. ती आली सिंधमधून. सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियर यांनी तिथे पोलिसांचं वेगळं, लष्करी शिस्तीचं दल उभारलं होतं आणि त्यासाठी नमुना घेतला होता आयर्लंडच्या पोलिसांचा. म्हणजे लंडनच्या चौकात उभा राहणारा बिनहत्यारी 'बॉबी' वेगळा आणि आयर्लंडच्या असंतुष्ट गावांत बंदूक घेऊन फिरणारा शिपाई वेगळा. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला आला तो दुसरा.

पुढे 1864 मध्ये मुंबई शहराला फ्रँक साउटर हे पहिले पोलीस आयुक्त मिळाले. इथून शहर आणि जिल्हा यांचे रस्ते वेगळे झाले. शहराला आयुक्त, जिल्ह्याला अधीक्षक. दोघांचे कायदेही वेगळे. जिल्ह्यांसाठी 1890 चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा, तर मुंबई शहरासाठी 1902 चा स्वतंत्र कायदा. स्वातंत्र्यानंतर 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यानं दोन्ही एकत्र आणले. आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. कायदा एक झाला, पण आयुक्त आणि अधीक्षक हा भेद त्यात तसाच राहिला. तो आजही महत्त्वाचा का आहे, ते पुढे येईलच.

गावातला पोलीस: पाटील

कागदावर अधीक्षक आला तरी टोकावड्याच्या किंवा किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर तो काही रोज दिसणार नव्हता. म्हणून सरकारनं गावची जुनी व्यवस्थाच कायद्यात बसवली. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानं पाटलाला पोलिसाचे अधिकार दिले. गुन्ह्याची खबर द्यायची, संशयितावर नजर ठेवायची, बेवारस प्रेताची माहिती कळवायची. शिवीगाळ आणि किरकोळ मारामारीसाठी माणसाला चावडीत बसवून ठेवण्याचा अधिकारही काही पाटलांना होता.

पाटीलकी वंशपरंपरागत होती. बापानंतर मुलगा, मग मुलगा कसाही असो. आणि पाटलाच्या हुकमावर प्रत्यक्ष धावपळ करायचा तो महार. निरोप पोहोचवायचा, रात्री गस्त घालायची, कैद्याला तालुक्याला पोहोचवायचं, सरकारी माणसाचं सामान उचलायचं. बदल्यात थोडी वतनाची जमीन आणि बलुतं. चोवीस तासांची नोकरी आणि पगाराच्या नावानं जवळपास शून्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच गोष्टीवर. गावच्या पोलीस व्यवस्थेचा इतिहास सांगताना पाटलाचा फेटा सगळ्यांना आठवतो, हा फुकट राबणारा माणूस मात्र बहुतेकदा गळून जातो.

महारकीसारखी कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. 1962 च्या कायद्यानं वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी गेली. आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानं आजचा 'पोलीस पाटील' तयार झाला. आता हे पद वारशानं मिळत नाही. गावचा रहिवासी, किमान दहावी पास, वय 25 ते 45 अशा अटी असतात, परीक्षा आणि मुलाखत होते, नेमणूक प्रांत करतात. आरक्षण लागू असल्यानं बायकाही पोलीस पाटील होतात आणि आदिवासी गावांत आदिवासी माणूसच या पदावर दिसतो. 2024 मध्ये राज्य सरकारनं त्यांचं मानधन महिना 6,500 वरून 15,000 रुपये केलं. हो, मानधनच. पगार नाही.

शहरात राहणाऱ्याला हे पद म्हणजे जुन्या सिनेमातलं पात्र वाटेल. पण सर्पदंशानं कुणी गेलं, विहिरीत कुणी सापडलं, दोन पाड्यांत भांडण पेटलं, तर ठाण्यात पहिला फोन बहुतेकदा पोलीस पाटलाचाच जातो.

सिद्धगड, 2 जानेवारी 1943

मुरबाडमध्ये पोलीस आणि इतिहास हे शब्द एकत्र आले की एकच तारीख निघते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. माथेरानला जन्मलेले वकील. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्य कोठ्या उभारल्या होत्या. 1942 च्या 'छोडो भारत' आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' बांधला. मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडायचे, म्हणजे मुंबईचे कारखाने थांबतील, असा त्यांचा हिशोब होता. मनोरे पडलेही. पोलीस हात धुऊन मागे लागले.

दस्त्यानं मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात आसरा घेतला होता. खबर फुटली. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे हॉल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पोलीस तुकडीनं त्यांना घेरलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आजही दर 2 जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात. तिथे मानवंदना देण्याचं कामही आता पोलिसांकडेच असतं. एकाच गणवेशाचे दोन अर्थ या तालुक्यानं एका आयुष्यात पाहिले आहेत.

मग वाटणी सुरू झाली

स्वातंत्र्यानंतर ठाणे जिल्हा फुगत गेला. मुंबईत घर न परवडणारा माणूस आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण, मग बदलापूर असा पूर्वेकडे सरकत राहिला. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला: 1 कोटी 10 लाख. एका अधीक्षकानं वसईच्या समुद्रापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत सगळं सांभाळणं कधीच अशक्य झालं होतं.

पहिली वाटणी 1981 मध्ये झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर हा शहरी पट्टा उचलून ठाणे शहर पोलीस आयुक्तालय झालं. 1994 मध्ये नवी मुंबईला वेगळं आयुक्तालय मिळालं. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हाच वेगळा झाला आणि 15 पैकी 8 तालुके तिकडे गेले.

तरीही 'ग्रामीण'मध्ये एक अजब गोष्ट शिल्लक होती. मीरा रोड आणि भाईंदर. उंच इमारती, मॉल, महानगरपालिका आणि 2011 ला 8 लाखांवर लोकसंख्या असलेलं हे शहर पोलिसांच्या कागदावर ग्रामीण होतं. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकन लोकांना करवसुलीच्या नावानं गंडवणारी कॉल सेंटर मीरा रोडला उघडकीला आली. जगभर बातम्या झाल्या. हद्द ग्रामीणची, छापा मात्र ठाणे शहर पोलिसांच्या गुन्हे शाखेनं टाकला होता. शेवटी 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून नवं आयुक्तालय सुरू झालं आणि ग्रामीण दलातून शेवटचं मोठं शहर गेलं.

आता उरलं काय? शहापूर तालुक्यात शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा ही ठाणी. मुरबाडमध्ये मुरबाड आणि टोकावडे. शिवाय भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांचा शहराबाहेरचा भाग, म्हणजे पडघा, गणेशपुरी, टिटवाळा वगैरे. त्यातही टिटवाळ्याची तऱ्हा बघा. पालिका कल्याण-डोंबिवलीची, पोलीस ग्रामीणचे. घरपट्टी शहराची, तक्रार गावाची.

इंग्लंडमध्ये नेमकं उलटं झालं

ज्या देशाकडून ही रचना आली, तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्यानंतर अनेक लहानमोठ्या शहरांनी स्वतःची पोलीस दलं काढली. एक्सेटरसारख्या छोट्या शहरालाही 1836 मध्ये स्वतःचं दल मिळालं. भोवतालच्या ग्रामीण भागाचं, म्हणजे डेव्हन काउंटीचं, दल वेगळं. सव्वाशे वर्षं हे असंच चाललं.

पण मोटारी आल्या, चोर एका शहरात चोरी करून तासाभरात दुसऱ्या हद्दीत जायला लागले आणि छोटी दलं अपुरी पडली. 1964 च्या पोलीस कायद्यानंतर सरकारनं विलीनीकरणाचा धडाका लावला. इंग्लंड-वेल्समधली 117 दलं 49 वर आली, 1974 मध्ये 43 वर. एक्सेटर शहर पोलीस 1966 मध्ये डेव्हनमध्ये विलीन झाले. सॅलफर्ड शहराचं दल 1968 मध्ये मँचेस्टरला जोडलं गेलं. म्हणजे तिथे शहरांची दलं बरखास्त होऊन मोठ्या दलांत मिसळली. ठाण्यात जिल्ह्याच्या दलातून शहरं बाहेर काढली गेली.

दोन्हीकडची कारणं आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक एवढाच की तिकडे खेड्याला शहराचे तज्ज्ञ, गाड्या आणि पैसा वाटून मिळाला. इकडे लोकसंख्या, महसूल आणि बातम्या जिथे आहेत तो भाग वेगळा झाला आणि डोंगर, घाट, धरणं, महामार्ग हे एका लहान दलाकडे राहिलं.

सामान्य माणसाला यानं काय फरक पडतो?

पडतो. आयुक्तालयात काही दंडाधिकारी अधिकार थेट पोलिसांकडे असतात. जमावबंदी, मनाई आदेश, तडीपारी यांवर आयुक्त किंवा उपायुक्तांची सही चालते. शहापूर-मुरबाडमध्ये असे बहुतेक आदेश जिल्हाधिकारी किंवा प्रांत काढतात. पोलीस प्रस्ताव पाठवतात, निर्णय महसूल खातं घेतं. पावसाळ्यात धबधब्यांवर गर्दी नको म्हणून मनाई आदेश निघतात तेव्हा आदेश महसूलचा आणि दगडावर उभं राहून पर्यटकांशी हुज्जत घालणारा शिपाई पोलिसांचा, असं ते असतं. शिवाय शहापूरसाठीचे प्रांत भिवंडीला बसतात आणि मुरबाडसाठीचे कल्याणला.

ही पद्धत वाईटच आहे असं नाही. पोलिसांच्या मागणीवर दुसऱ्या कुणीतरी नजर टाकावी हा विचार त्यामागे आहे आणि तो आजही पटण्यासारखा आहे. पण वेळ लागतो, हेही खरं.

दुसरा फरक अंतराचा. शहापूर हा क्षेत्रफळानं ठाणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. 2011 ला लोकसंख्या सुमारे 3 लाख 14 हजार, मुरबाडची सुमारे 1 लाख 90 हजार. दोन्ही तालुके मिळून माणसं मीरा-भाईंदरहून कमी, पण ती डोंगरदऱ्यांत विखुरलेली. लोकसंख्येच्या हिशोबानं पोलीस दिले तर इथे कमी येणार. आणि कमी पोलिसांना जास्त अंतर कापावं लागणार. पाड्यापर्यंत गाडी जात नसेल तर शेवटचं अंतर पायी.

तिसरं म्हणजे हा भाग आता नुसता 'ग्रामीण' राहिलेला नाही. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूरमधून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तोही इथूनच. त्याचं काम चालू असताना 31 जुलै 2023 च्या रात्री सरळांबे गावाजवळ गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि 20 कामगारांचा जीव गेला. बहुतेक कामगार परराज्यांतले. अशा वेळी ओळख पटवायची, नातेवाईक शोधायचे, गुन्हा नोंदवायचा, ते काम तालुक्याच्या पोलीस ठाण्यावर येतं. वासिंद-आसनगावला लोकल पकडणाऱ्यांच्या इमारती उभ्या राहतायत, मुरबाडला एमआयडीसी आहे. मीरा रोड जसं बघता बघता 'ग्रामीण' कागदावरचं शहर झालं, तसाच हा प्रवास दिसतोय.

रेल्वेचं तर आणखी वेगळं. कसारा लोकलमध्ये मोबाईल गेला तर ते काम ना ग्रामीणचं ना शहराचं. ते मुंबई लोहमार्ग पोलिसांचं. प्लॅटफॉर्म उतरून रिक्षात बसलात की पुन्हा ग्रामीण.

मग तक्रार करायची कुठे?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. 'आमच्या हद्दीत येत नाही' असं सांगून परत पाठवता येत नाही. नोंद शून्य क्रमांकानं होते आणि कागद योग्य ठाण्याकडे जातात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. म्हणजे मुरबाडच्या माणसाला कल्याणमध्ये लुटलं आणि तो घरी येऊन मुरबाड ठाण्यात गेला, तरी त्याची फिर्याद तिथे लिहून घ्यायला हवी.

तातडीची मदत हवी असेल तर 112. हा फोन आधी राज्याच्या नियंत्रण केंद्रात, म्हणजे नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि मग जवळच्या गाडीला निरोप जातो. फोन करताना गावाबरोबर तालुका आणि पाड्याचं नाव सांगायला विसरू नका. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असू शकतात. आणि गावच्या पोलीस पाटलाचा नंबर मोबाईलमध्ये नसेल तर तो ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात मागून घेता येतो.